आखणीवाल्याला मनाई

माझ्या धाकट्या बहिणीला तिचा नवरा मारायचा. आता मी हे असं एका ओळीत लिहू शकते. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे कुणी इतकं सरळ बोलत नसे. "तिच्या घरी जरा वाजतं," म्हणायचे. "जावई तापट आहेत." माझी आईसुद्धा हेच म्हणायची. तापट तर मीही आहे, अख्ख्या आळीला ठाऊक आहे. पण म्हणून मी कुणाच्या कानातली कुडी ओढून कानाची पाळी फाडलेली नाही.

ती फाटलेली पाळी घेऊन बहीण एका दुपारी रोह्याला माझ्या दारात उभी राहिली. एका हाताने कानाला पदर दाबलेला, दुसऱ्या हाताशी पोरगी. पोरगी तेव्हा बालवाडीत जायची. माझा नवरा धाटावच्या कंपनीत होता आणि त्या दिवशी त्याची दुसरी शिफ्ट होती, त्यामुळे घरात मी आणि माझं शिवणाचं मशीन. मी जखम धुतली, हळद लावली आणि हे सगळं करताना तिच्यावरच ओरडत होते, "इतके दिवस काय तोंड शिवलेलं का गो तुझं?" ती चहा प्यायली आणि म्हणाली, "ताई, संध्याकाळच्या गाडीनं जाते. मुकुट रंगवायचे राहिलेत."

तिचं सासर पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला. तिथे घराघरांत गणपतीचे कारखाने. कारखाना म्हणजे घरापुढे बांबूचा आणि प्लास्टिकच्या कागदाचा मांडव, आणि मांडवापासून माजघरापर्यंत ओळीने लावलेल्या मूर्ती. दिवाळी आटोपली की साचे बाहेर निघतात, आणि पुढे गणपती येईपर्यंत घरातली माणसं मूर्तींमधून वाट काढत जेवायला जातात. माझी बहीण शेला, सोवळं आणि दागिने रंगवायची. तिचा हात चांगला होता. पण तिचा नवरा आखणी करायचा, आणि आखणीची गोष्टच वेगळी.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साच्यातून मूर्ती कुणीही काढतं, अंगाचा रंग पोरंटोरंही मारतात, पण डोळे काढणारी माणसं गावात मोजकीच असतात. व्यापारी आला की मुकुट बघत नाही, पितांबर बघत नाही, आधी नजर बघतो. नजर बसली नसेल तर मूर्ती मांडवातच पडून राहते. माझ्या मेहुण्याच्या हातची नजर अशी बसायची की मांडवात कुठेही उभं राहा, देव आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. हे मला कबूल करावं लागतं आणि कबूल करताना अजूनही माझा जळफळाट होतो. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून, श्वास रोखून, एका ओढीत भुवई काढायचा. गाव म्हणायचं, देवानं हात दिलाय. त्याच हाताने तो घरी काय करतो, हे विचारायला मात्र कुणी पुढे येत नव्हतं. ज्याच्या त्याच्या मांडवात त्याची गरज होती ना!

त्या संध्याकाळी मी तिला जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पेणला पोलिसांकडे गेले. हवालदाराने तिचा कान बघितला, नाव-गाव विचारलं आणि म्हणाला, "आखणीवाला ना तो? अहो ताई, ऐन हंगामात त्याला आत टाकला तर सगळे कारखानेवाले माझ्या उरावर बसतील. एन.सी. लिहून घेतो, समज देतो." समज दिली. समज घेऊन तो घरी आला आणि तिला विचारलं, "पोलिसात कोण गेलं होतं?"

पुढच्या खेपेला बरगडीला मार होता, म्हणून चॅप्टर केस झाली. म्हणजे माणसाला तहसीलदारापुढे उभं करतात आणि यापुढे चांगला वागेन असा बॉण्ड लिहून घेतात. त्याने सही केली. इतकी देखणी सही की कारकून म्हणाला, "वा, अक्षर बघा!" मला त्या कारकुनाची दौत त्याच्याच डोक्यावर ओतावीशी वाटली. बॉण्डचा परिणाम इतकाच झाला की मेहुणा आता कपड्याखाली झाकेल तिथेच मारायला लागला.

मग कुणीतरी मला पेणच्या रामवाडीतल्या एका वकिलांचं नाव सांगितलं. वयस्कर, दम्याचे. दोन वाक्यं बोलायचे आणि खिडकीकडे तोंड करून श्वास घ्यायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चारशे अठ्ठ्याण्णव लावा. अटक होईल."

बहीण पहिल्यांदा बोलली. "जेलात नको. पोरगीला शाळेत चिडवतील. मला घर पाहिजे न् तो नको, एवढंच."

"नवऱ्याला घराबाहेर काढायचा कायदा नाही बाई. बायकोला बाहेर काढायला कायदा लागत नाही, तो भाग वेगळा." वकील स्वतःच्या बोलण्यावर हसले आणि त्यांना खोकला आला.

पुढे बऱ्याच वर्षांनी तसा कायदा आला. आता बाई मॅजिस्ट्रेटकडून संरक्षणाचा आदेश मागू शकते, राहत्या घरात राहायचा हक्क मागू शकते, घर कुणाच्याही नावावर असो. ज्या बायकांना तो मिळाला त्यांचं भलं होवो. आमच्या वेळी नव्हता, आणि त्याबद्दल कुणावर चिडायचं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

खोकला थांबल्यावर वकिलांनी विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?"

घर सासूच्या नावावर होतं. सासरे जाताना बायकोच्या नावावर करून गेले होते. ही सासू धरमतरच्या खाडीकडची, मिठागरावर वाढलेली बाई. मिठाने पायाला पडलेल्या भेगा म्हातारपणीही बुजल्या नव्हत्या. बोलायची कमी. मुलगा सुनेला मारायला लागला की पोरगीला उचलून शेजारी जाऊन बसायची. म्हणून माझा तिच्यावरही राग होता. वकील म्हणाले, "मालकीणबाईंनी स्वतः दावा लावला, की हा मुलगा माझ्या घरात नको, सुनेला न् मला त्रास देतो, तर दिवाणी कोर्टातून मनाई मिळेल. पण आई असा दावा लावेल?"

मला वाटलं, कसली लावतेय! पण बहिणीने घरी जाऊन विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात म्हातारी नऊवारी नेसून, चपला हातात घेऊन वकिलांच्या ऑफिसात हजर. वकिलांनी तिला सगळं समजावलं. तिने एकच विचारलं, "त्याला जेल नाय ना?" नाही म्हटल्यावर ती खुर्चीत नीट बसली.

"पोर माझा हाय, पन घर बी माझा हाय. लिवा."

मी तिच्या पाया पडले. मी सहसा कुणाच्या पडत नाही.

दावा लागला. सासू आणि सून वादी, मुलगा प्रतिवादी. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्याने त्या घरात आणि घरालगतच्या जागेत पाऊल टाकायचं नाही, दोघींना त्रास द्यायचा नाही. बेलिफ हुकूम घेऊन गेला तेव्हा मेहुणा दुसऱ्याच्या मांडवात आखणी करत होता. त्याने बेलिफाला हाताने 'थांबा' म्हटलं, हातातली भुवई पुरी केली, ब्रश धुतला आणि मग सही केली. त्याच दिवसापासून तो पेणमध्ये एका मित्राकडे राहायला गेला.

वकिलांनी हुकमाची नक्कल देताना तिघींना समोर बसवून सांगितलं होतं. "तो आत शिरला तर त्याच दिवशी माझ्याकडे या. आणि काही झालं तरी तुम्ही होऊन त्याला घरात घेऊ नका. एकदा घेतलात की हा हुकूम संपला असं समजा." म्हातारीने मान हलवली. बहिणीनेही हलवली.

पौषात मी त्यांच्याकडे गेले तर बहीण झोपलेली. दिवसाढवळ्या! पडवीत चटईवर, तोंड उघडं टाकून, हाताला गुलाबी रंग लागलेला. लग्न झाल्यापासून मी तिला दुपारी झोपलेली पाहिली नव्हती. तो केव्हा येईल त्याचा नेम नसायचा. पोरगी बाजूला बसून उंदरांना रंग लावत होती आणि प्रत्येक उंदराला ओरडत होती, हलू नको म्हणून. सासू तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली, "निजू दे तिला." त्या घरात मी पहिल्यांदा पोटभर जेवले. जेवताना बहीण कसल्याशा फालतू गोष्टीवर इतकी हसली की तिला ठसका लागला.

ते सुख ज्येष्ठापर्यंत टिकलं.

ज्येष्ठात सगळ्या मूर्ती रंगून तयार झाल्या. शेले झाले, मुकुट झाले, सोंडेवरची नक्षी झाली. डोळे राहिले. बहिणीला वाटलं होतं, दुसरा आखणीवाला बघू. पण तिथला रिवाज असा, की एका आखणीवाल्याच्या मांडवात दुसरा ब्रश धरत नाही. धरलाच तर तो मेल्यावर, नाही तर त्याने स्वतः येऊन सांगितलं तर. बहीण आणि सासू ज्याच्या त्याच्या दारी जाऊन आल्या. सगळ्यांनी चहा दिला, आणि सगळ्यांनी विचारलं, "त्यानं सांगितलंय काय?" तो कशाला सांगतोय? पेणमधला एक जण हो म्हणाला आणि आलाच नाही.

मग बहिणीने स्वतः ब्रश घेतला. लहान मूर्ती निवडल्या, दार लावून बसली, आणि दोन दिवस खपून त्यांचे डोळे काढले. सासूला दाखवले. सासूने एक मूर्ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"भ्यालाय गो देव," ती म्हणाली.

ती वाईट बोलली नव्हती. मी नंतर विचारलं तर बहीणच म्हणाली, खरंच भ्यालेले दिसत होते. तिने त्या डोळ्यांवर पुन्हा अंगाचा रंग मारला.

पुढच्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे माझ्यासाठी फोन आला. बहीण पेणच्या एसटीडी बूथवरून बोलत होती. "ताई, तू ओरडू नको. आईनी त्याला निरोप धाडलाय. डोळे आखायला."

मी ओरडले. वाणी आणि त्याचं सगळं गिऱ्हाईक ऐकत होतं, तरी ओरडले. ब्लाउज होते तसे मशीनवर टाकून मिळेल ती गाडी धरून गेले. सासू मांडवात मूर्तींवरची धूळ झटकत होती. मी म्हटलं, "आई, हे काय केलंत? वकील काय बोलले होते?"

"वकील बोलले घरात घेऊ नको. घरात कुटं घेतलाय? मांडवात बसंल. डोळं आखील न् जाईल."

"मांडव म्हणजे काय घर नाही?"

"घर उंबऱ्यापासून. उंबऱ्याच्या भाईर मांडव." तिने मला उंबरा दाखवला, जसा काही मी कधी पाहिलाच नव्हता. "उंबरा वलांडून द्यायची नाय त्याला. चा मी भाईर नेऊन देईन. सून त्याच्या समोर येयाची बी नाय."

मी नक्कल काढून वाचून दाखवली. "घर आणि घरालगतची जागा. लगतची! लिहिलंय इथे!"

"ते कोर्टात. हितं उंबऱ्यापासून."

त्या गावात हे कुणालाही पटलं असतं. वर्षभर मांडवात बाहेरची माणसं येऊन काम करतात. रंगारी येतात, व्यापारी येतात, हमाल येतात. कुणी त्यांना घरात आला म्हणत नाही. म्हातारीने कोर्टाची मनाई त्याच हिशेबाने समजून घेतली होती, आणि तिच्या मते ती मनाई तंतोतंत पाळत होती. मी बहिणीकडे बघितलं. म्हटलं, तू तरी बोल.

ती म्हणाली, "ताई, देव असेच आंधळे राहिले तर ते घेऊन मी काय करू? न् वर्षभर आम्ही तिघींनी खायचं काय?"

मी तशीच रामवाडीला गेले. वकिलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, यात वाईट काही नाही, कोर्टाकडूनच परवानगी मागता येते, आखणीपुरतं येऊ द्यावं, सूर्यास्ताला जावं, सगळं हुकमात लिहून घेता येतं. "पण कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी आहे. उघडल्याबरोबर अर्ज टाकतो. तोवर त्याला थांबवा."

व्यापारी थांबणार नव्हते. दुसऱ्याच दिवशी तो येऊन मांडवात बसला.

आणि चांगला वागला! हेच तर मला अजून झोंबतं. मी मुद्दाम दोनदा जाऊन पाहिलं. "नमस्कार ताई, भाऊजी बरे आहेत ना?" असं हसून विचारायचा. शिवी नाही, दारूचा वास नाही. सासू चहाचा कप उंबऱ्याबाहेर ठेवायची, तो रिकामा कप तिथेच आणून ठेवायचा. गावातली माणसं येता-जाता म्हणायची, बघा, किती सुधारला. मी म्हटलं, हो, काय माणूस आहे ते आम्ही आधीच पाहिलंय!

फक्त काम पुरं होत नव्हतं. तो भुवया काढायचा, पापण्यांची रेघ काढायचा, आणि बुबुळं ठेवून द्यायचा. सगळ्या मूर्तींची बुबुळं शेवटी एकदम भरणार, म्हणायचा, म्हणजे नजर सारखी येते. असं तो याआधी कधी करत नव्हता, हे सासूला माहीत होतं, बहिणीला माहीत होतं. पण त्याला आखणी कशी करायची ते सांगणार कोण? एकेक दिवस जात होता आणि मांडवातली एकही मूर्ती विकण्याजोगी होत नव्हती.

मग पाऊस लागला. मांडवाचा कागद फाटलेला होता, मूर्तींवर पाणी गळायला लागलं. तिघांनी मिळून मूर्ती आत नेल्या. मूर्ती आत गेल्यावर आखणीवाला बाहेर बसून काय करणार? तो पडवीत बसला. मग रात्री इतक्या पावसात पेणला कसा जाऊ म्हणून पडवीतच निजला. मग त्याचं ताट आत वाढलं जाऊ लागलं. यातलं काहीही कुणी ठरवलं नाही, आणि त्याला जबरदस्ती अशी कुठेच करावी लागली नाही. कोर्ट उघडलं तेव्हा वकील म्हणाले, आता कसला परवानगीचा अर्ज, आधी त्याला बाहेर काढा.

वकिलांनी सांगितलंय, आता आखणी संपवून जा, एवढंच बहीण त्याला एका सकाळी बोलली. सासू पोरगीला शाळेत सोडायला गेली होती. त्याला तेवढंच हवं होतं. शिवाय त्या लहान मूर्ती त्याच्या हातात आल्या होत्या. वरून रंग मारलेले डोळे त्याच्यापासून कसे लपणार? त्याने तिचा उजवा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार लोटलं. पुन्हा लोटलं. "आता काढ डोळे," म्हणाला.

त्यानंतर तो खाली बसला आणि बुबुळं भरू लागला. सासू परत आली तेव्हा बहीण न्हाणीघरात हात पाण्यात धरून बसली होती आणि हा एकामागून एक मूर्ती पुरी करत होता. त्या आठवड्यात व्यापारी सगळा माल घेऊन गेला. नजर फार छान बसली होती म्हणे.

दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर घातलं. दोन बोटं कधीच सरळ होणार नाहीत असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. पोलिसांनी हुकमाची नक्कल उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मनाई आहे तर तो आत कसा?" मी म्हटलं, शिरला. ते म्हणाले, "गाव तर सांगतं तुम्हीच बोलावलात. आता आम्ही काय करणार? कोर्टात जा."

कोर्टात गेलो. वकिलांनी मनाई मोडल्याचा अर्ज टाकला. त्याच्या वकिलाने उलट अर्ज टाकला, की मनाई उठवा, मायलेक आणि नवरा-बायको गोडीने एकत्र राहतात, वादींनीच प्रतिवादीला घरी बोलावून घेतलं, हात दारात चुकून सापडला. सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं. त्याला बोलावलं कुणी?

मी सासूला बाजूला घेतलं. स्पष्ट सांगितलं, "आई, सांगायचं की तो जबरदस्तीनं शिरला. तुम्ही बोलावला नाही. एवढं एक बोललात की तो गेला. नाही तर ही गेली." हे मी वकिलांना विचारून केलं नव्हतं. त्यांनी मला सांगितलंही नसतं. कुणी म्हणेल साक्षीदाराला शिकवलं. तर हो, शिकवलं, आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा शिकवीन. सासू म्हणाली, "व्हय." बहिणीच्या प्लास्टरवरून हात फिरवून म्हणाली, "सांगते."

साक्षीच्या दिवशी ती डोक्याला तेल लावून, कपाळावरचा पदर नीट करून आली होती. पिंजऱ्यात उभी राहिली. शिपायाने शपथ दिली. ईश्वराला स्मरून खरं सांगेन. ती शपथ तिने एकेक शब्द उच्चारून घेतली. बाकी लोक नुसतं पुटपुटतात, आमच्या आधी पुकारलेल्या दोन केसींत मी पाहिलं होतं. ही देवाच्या घरात उभी असल्यासारखी बोलली.

समोरच्या वकिलाने इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाला, "आजी, मुलाला घरी यायचा निरोप कुणी दिला?"

तिने एकदा सुनेकडे पाहिलं. मुलगा खाली मान घालून बसला होता, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

"उत्तर द्या. कुणी बोलावलं?"

"मी," ती म्हणाली. "देवाची शपथ घेतली, खोटा कसा बोलू? मीच बोलावला. देवांचं डोळं राहिले हुते."

त्या दिवशी त्या खोलीत खरं बोललेली ती एकटीच. समोरचा वकील खोटं बोलत होता, माझा मेहुणा खोटं बोलला, मी खोट्याची तयारी करून गेले होते. मला तिचा गळा दाबावासा वाटला, आणि तिच्या जागी माझी आई असती तर तीही हेच बोलली असती हेही मला कळत होतं. न्यायाधीश वाईट नव्हते. त्यांनी बहिणीच्या हाताकडे दोनदा पाहिलं. हाताची तक्रार फौजदारी कोर्टात करता येईल, म्हणाले. पण ज्यांनी मनाई मागितली त्यांनीच त्याला घरात घेतला, तेव्हा मनाई चालू ठेवायला कारण उरत नाही. तात्पुरता हुकूम रद्द.

बाहेर व्हरांड्यात सासू सुनेसमोर येऊन उभी राहिली. "गो, माझ्यानं नाय झाला," एवढंच म्हणाली. बहीण म्हणाली, "असू दे आई." मी तोंड फिरवलं. तेवढ्यात मेहुण्याने एका मित्राची मोटरसायकल घेतली, आईला मागे बसवली आणि आमच्या समोरून निघाला. जाताना बहिणीला म्हणाला, "ये घरी. कुणी काय बोलणार नाय." आवाज अगदी मऊ.

मी बहिणीचा चांगला हात धरला आणि तिला स्टँडवर नेलं. रोह्याची गाडी लागलेली होती. म्हटलं, माझ्याकडे चल, तुझ्या भाऊजींना मी बघते, आपण फौजदारी केस करू, पोरगीला नंतर आणू. ती गाडीत चढली. खिडकीशी बसली. मी तिकिटांसाठी पर्समधून पैसे काढून हातात धरले. मनात मी तिची चटई कुठे घालायची तेसुद्धा ठरवलं होतं.

ड्रायव्हर चढला तशी ती उठली.

"कुठे?" मी म्हटलं.

"ताई, पोरगीची शाळा सुटली असेल."

"मग? शेजारी आहेत ना?"

"शेजारी काय करतील? तो घरी पोचला असेल." ती माझ्या गुडघ्यांवरून वाट काढत होती. मी तिचा पदर पकडला. मी तिला काय काय बोलले ते मला सगळं आठवतं. तुला मार खायचाच आहे काय, तुला अक्कल आहे काय, आपण पोलीस घेऊन पोरगीला आणू. ती म्हणाली, "पोलीस काय सांगतील? बापाच्या घरात हाय." पदर माझ्या हातातून सोडवताना तिला एकच हात वापरता येत होता, म्हणून थोडा वेळ लागला.

"तू खाली उतरू नको," ती म्हणाली. "तू आलीस की तो जास्त करतो."

ती उतरली. प्लास्टरचा हात छातीशी धरून, गर्दीतून वाट काढत, हमरापूरकडे जाणाऱ्या सहा सीटर रिक्षांच्या रांगेकडे गेली. चढताना तिला कुणीतरी हात दिला. तिने मागे बघितलं नाही. मी खिडकीत उभी राहून हाक मारली, मग बसले.

गाडी हलली. कंडक्टर आला. "दोन रोहा?"

"एक," मी म्हटलं.

वडखळपर्यंत मला रडूही आलं नाही. त्यानंतर नागोठण्यापर्यंत थांबलं नाही.